हातात दिलेलं तिकीट

रविवार, ३

पोचलो. विमान वीस मिनिटं उशिरा, सामान पूर्ण, हिचे पाय सुजलेले. खोली तिसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद आणि लिफ्टचा पत्ता नाही. घरमालकीण साठीची, उंच, बोलते भरभर आणि आपल्याला एक अक्षर कळत नाही. ही मात्र तिच्याशी खुशाल मराठीत बोलते, ती तिच्या भाषेत बोलते आणि दोघी माना डोलावतात. कशाला डोलावतात देव जाणे.

लेक म्हणत होती, "बाबा, थेट आमच्याकडे या, मी रजा काढून शहर दाखवते." मीच नको म्हटलं. तिचं गाव इथून आगगाडीनं तीन तास, पाचवा महिना चाललाय, कशाला दगदग? शनिवारी येईल आणि आम्हाला घेऊन जाईल. तोवर आम्ही आमचं शहर बघू. ट्रामबिम कशी असते ते सगळं लिहून पाठवते म्हणाली. मी म्हटलं, "मला गाडी शिकवतेस होय गं? एकतीस वर्षं परिवहनात तिकीट तपासनीस होतो. बस काय आणि ट्राम काय, चाकं तीच आणि माणसंही तीच." ती हसली. मागून जावई काहीतरी म्हणाले, ते ऐकू आलं नाही.

खिडकीतून ट्रामचा थांबा दिसतो. अर्धा तास उभा राहून वेळा टिपल्या. दर आठ मिनिटांनी एक, एकही चुकली नाही. असं आगार आपल्याला मिळालं असतं तर! ही म्हणाली, "अहो, निवृत्त झालात ना? झोपा आता."

सोमवार, ४

कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडून तिकिटं घेतली. नवरा-बायकोला मिळून एक असं जोडतिकीट मिळतं, ही सोय मला आवडली. सगळी तिकिटं माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली. ही मागत होती, "माझ्या पर्समध्ये राहतील नीट." मी म्हटलं, तिकीट हे खेळणं नाही.

गाडीत जागा मिळाली. मी तिकीट दोन बोटांत धरून बसलो, वाहक येईल म्हणून. तीन थांबे गेले, पाच गेले, वाहक काही येईना. चालक काचेच्या खोलीत बसलेला, मागे आग लागली तरी त्याला पत्ता लागणार नाही. दाराजवळच्या खांबावर एक पिवळा डबा आहे. ही म्हणाली, "अहो, बघा ना, चढणारे त्या डब्यात तिकीट घालतायत. टक् असं वाजतं, मग परत काढून घेतात. आपणही घालूया का?"

"ते पासवाल्यांसाठी असेल," मी म्हटलं. "तिकिटावर खूण करायची ती वाहकानं. प्रवाशाच्या हातात ते काम दिलं तर राज्य बुडेल."

"राज्य कुणाचं आहे पण?" ही म्हणाली.

मी बाहेर बघितलं.

वाहक शेवटपर्यंत आला नाही. कामचुकार मेला! उतरताना तिकीट कोरं करकरीत. नियमाप्रमाणे खूण नसलेलं तिकीट म्हणजे न झालेला प्रवास. ते परत खिशात ठेवलं आणि येताना तेच हातात धरून बसलो. तेव्हाही कोणी आलं नाही.

मंगळवार, ५

वस्तुसंग्रहालयाला निघालो आणि पोचलो कत्तलखान्याच्या मागे. गाडी नकाशावरची लाल रेघ बघूनच पकडली होती, तरी. मी थांब्यावरचा नकाशा बघत होतो तोवर ही म्हणाली, "अहो, आपल्याला ती डाळिंबी रेघ हवी, आपण अबोली रेघेवर आलोय. इथून दोन थांबे मागे जाऊ, तिथे दोन्ही रेघा एकमेकींना शिवतात." चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवून हिला दोऱ्याच्या रंगावरून सगळं जग कळतं. मला त्या दोन्ही रेघा लालच दिसत होत्या. तिनं सांगितलं तसंच गेलो आणि पोचलो. मी म्हटलं, "मीही तेच म्हणणार होतो."

ही हसली. आज फार खूश होती. गाडी वळली की काचेला नाक लावून बघायची. "एकतीस वर्षं तुम्हाला फुकट पास होता," म्हणाली, "पण असं निवांत मला कधी फिरवलं नाहीत हं." मी म्हटलं, पास नोकरीचा असतो, मौजेचा नसतो. खरं म्हणजे सुचलंच नव्हतं.

तिकीट अजून सोमवारचंच चाललंय.

बुधवार, ६

आज फार मनस्ताप झाला. थोडक्यात लिहितो.

बाजारपेठेकडे जाताना गाडीत तपासणी झाली. तपासणारी बाई होती, लेकीच्या वयाची. आमच्या तिकिटावर छाप नव्हता, कारण ते पिवळ्या डब्यात घालायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तिकीट हिच्या हातात होतं. त्यामुळे दंडाचा कागद हिच्या नावानं फाडला. पारपत्र मागितलं, नाव उतरवून घेतलं. परक्या देशातल्या माणसांशी वागायची काही रीत? आमच्या गाडीत परदेशी पाहुणा असता तर मी चहा पाजला असता.

सात दिवसांत त्यांच्या कार्यालयात जाऊन म्हणणं मांडायचं, नाहीतर दंड आणि पुढची कारवाई, असं कागदावर लिहिलंय म्हणे. कागद हिनं पर्समध्ये ठेवला. मी म्हटलं, "दे इकडे, मी बघतो काय ते." म्हणाली, "असू दे माझ्याकडे. माझंच नाव आहे ना त्यावर."

परत येताना चालत आलो. दीड तास लागला. हिचे पाय दुखत असतील, पण एक शब्द बोलली नाही. घाबरली असावी.

गुरुवार, ७

काल लिहिलेलं वाचलं. "तिकीट हिच्या हातात होतं." खोटं नाही. पण ते हिच्या हातात आलं कसं, हे मी लिहिलेलं नाही. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही आणि तिच्यातही मी लपवाछपवी करतोय म्हणजे हद्द झाली. लिहितो.

ती बाई साध्या कपड्यांत होती, खांद्याला पिशवी. पण मी तिला चढतानाच ओळखलं. गाडी हलली की प्रवासी दांडा धरतो, तपासनीस पाय रोवून उभा राहतो. आणि तपासनीस चेहरे बघत नाही, हात बघतो. मला आधी आनंदच झाला! वाटलं, आपल्या धंद्यातलं माणूस भेटलं, उतरताना ओळख करून घेऊ. मग तिनं बिल्ला दाखवला आणि पुढच्या बाकापासून सुरुवात केली. तिकीट हातात घेऊन ती कडेला काहीतरी बघायची. तिथे जांभळ्या शाईची एक ओळ. प्रत्येकाच्या तिकिटावर होती ती. तेव्हा कुठे तो पिवळा डबा माझ्या टाळक्यात शिरला.

आमच्यापर्यंत यायला तिला चार बाक होते. डबा दोन हातांवर. उठून तिकीट घालता आलं असतं, पण तपासणी सुरू झाल्यावर जागेवरून उठतो तो चोर, हे मीच नव्या पोरांना शिकवत आलो. पहिल्या खेपेला नकळत चुकलो म्हणावं, तर हे तिकीट निदान सातव्यांदा चाललं होतं. मी ते खिशातून काढलं आणि हिच्या हातात दिलं. म्हटलं, "हे धर जरा." हिनं धरलं.

बाईनं इंग्रजीत विचारलं, तिकीट कोणाकडे होतं? मला नीट कळलं. मी हिच्याकडे बोट केलं. एवढ्यावर थांबावं ना? नाही. वर म्हटलं, मी हिला सांगितलं होतं, हिनं ऐकलं नाही. इंग्रजीत मला शंभर शब्द येत नाहीत, पण हे वाक्य कसं कोण जाणे बरोबर जमलं. बाईनं तेही लिहून घेतलं. आणि ही माझ्याकडे बघून मान डोलावत होती, पाहुण्यांसमोर डोलावतात तशी.

नोकरीत असे किती पुरुष पकडले! बायकोच्या हातात, म्हाताऱ्या आईच्या हातात, एकानं तर मांडीवरच्या पोराच्या मुठीत तिकीट कोंबलं होतं. मी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणायचो, "तिकीट बाईंच्या मुठीत आणि मिशा तुमच्या ओठावर, असं कसं काय साहेब?" गाडी खदखदून हसायची. तो माणूस मान खाली घालायचा. घरी येऊन हे किस्से मी हिला रंगवून सांगायचो.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फक्त नशीब एवढंच की हिला इंग्रजी येत नाही.

दुपारी लेकीचा फोन आला. ही तेव्हा खाली घरमालकिणीकडे होती, तिच्या पडद्याची उसवलेली कड शिवून देत होती. (फुकट. परदेशात येऊनही शिवणच.) लेक म्हणाली, "बाबा, आईचा सहा महिन्यांच्या मुक्कामाचा अर्ज मी येतानाच घेऊन येते. अवघड काही नाही. एक रकाना आहे, या देशात कधी दंड किंवा कारवाई झाली आहे का. तिथे 'नाही' लिहिलं की सरळ मिळतं. 'होय' असेल तर मात्र मुलाखत, चौकशी, कधीकधी नाकारतातही." आणि हसून म्हणाली, "आईचं काय, तिनं आयुष्यात कुणाचं फूलसुद्धा न विचारता तोडलं नाही."

मी म्हटलं, हो.

"बाळंतपणाला आई हवीच हं, बाबा. इथे आमचं दुसरं कोण आहे? मला भीती वाटते हो." पोरीचा आवाज कापला. लहानपणी ती तापातसुद्धा रडायची नाही.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि विचारलं, "तिकडे थंडी कितपत आहे?"

शुक्रवार, ८

डोकं काम देत नाही. कार्यालयात जाऊन खरं सांगायचं आणि हिच्या नावाऐवजी माझं नाव लावून घ्यायचं, हा सरळ रस्ता आहे. बाळंतपणाला माझा उपयोग तो काय? मला इथे परत नाही येऊ दिलं तरी कुणाचं अडत नाही. पण एकट्यानं जाऊन त्यांच्या भाषेत सांगणार कसं? लेकीला बरोबर न्यायचं तर आधी लेकीला सांगावं लागणार. आणि हिला? रकान्याचं हिला सांगितलं तर ही विचारणार, माझं नाव का लागलं?

सकाळी गुडघा दुखतोय म्हणून खोलीतच बसलो. खरं तर ट्रामच्या थांब्यावर जायचा धीर होत नाही. ही म्हणाली, "मी जरा जाऊन येते, दोरा संपलाय." मी म्हटलं, हरवशील. म्हणाली, "नाही हरवणार."

तीन तास आली नाही! मी खिडकीत उभा राहून बावीस गाड्या मोजल्या. शेवटी जिन्यात आवाज आला. ही आणि घरमालकीण दोघी बरोबरच वर आल्या, खालीच कुठेतरी गाठ पडली असणार. घरमालकिणीनं हिचा हात धरून दारापर्यंत सोडलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची किल्ली चोरलीय. इथली माणसं मुळात तुसडी.

मी हिला रागावलो. "तीन तास दोरा आणत होतीस? जीव टांगणीला लागला माझा!"

"आला ना जीव जागेवर? मग जेवून घ्या," म्हणाली. दमलेली होती, पण चेहरा मोकळा वाटला. दोऱ्याची पुडी काही दिसली नाही. मी विचारलंही नाही, आधीच खूप बोललो होतो.

उद्या लेक आली की जिन्यातच गाठून सांगून टाकायचं. ठरलं.

शनिवार, ९

जिन्यात नाही सांगितलं. तिनं मिठी मारली आणि तिचं पोट लागलं.

मायलेकींनी खोली डोक्यावर घेतली. ही तिचे पाय मांडीवर घेऊन चेपत होती आणि ती सांगत होती, बाळ कधी लाथ मारतं, कधी झोपतं. मला वाटलं, ही वेळ कशी मोडायची? मोडायला नको म्हणून गप्प बसलो. गप्प बसायला मला कारणं कधी कमी पडली नाहीत, हे आता लक्षात येतंय.

चहा झाल्यावर लेकीनं अर्ज काढला. नाव, जन्मतारीख, पत्ता असं एकेक मराठीत सांगत भरत गेली. मग तो रकाना आला. मोठ्यानं वाचला आणि 'नाही' वर खूण करणार तेवढ्यात ही म्हणाली, "थांब. हे विचारतात?"

"सगळ्यांनाच विचारतात गं."

हिनं लेकीच्या पायावरचा हात काढून घेतला. मग माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत असं बघितल्याचं आठवत नाही. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "सोमवारी आपण परिवहनच्या कार्यालयात जातोय. तिघंही. मला तिथे काहीतरी सांगायचंय. तोवर तो अर्ज ठेव बाजूला."

"काय झालंय?" लेकीनं विचारलं. तिकिटाचं तेवढं सांगितलं. कागद फाडला, आईच्या नावानं फाडला, चूक दुरुस्त करून घेऊ. बाकीचं तिथेच सांगेन म्हटलं, दोनदा सांगायची ताकद माझ्यात नाही.

"अहो, नका जाऊ. राहू द्या," ही म्हणाली. कार्यालय म्हटलं की बिचारी घाबरते. मी म्हटलं, तू काळजी करू नकोस, या वेळेला मी सगळं नीट करणार आहे.

रविवार, १०

कार्यालय बंद. ही दोनदा काहीतरी बोलायला आली आणि दोनदा लेक खोलीत आली.

सोमवार, ११

आता संध्याकाळ आहे. गाडीत बसलोय, लेकीच्या गावाला चाललोय. त्या दोघी समोर बसल्यात. गाडी हलतेय, अक्षर वाईट येईल.

कार्यालय आपल्या कार्यालयासारखंच. नंबराची चिठ्ठी घ्या, बाकावर बसा, काचेमागे चष्मेवाला कारकून. आमचा नंबर आला. मी लेकीला म्हटलं, "मी बोलतो तसंच्या तसं सांग." आणि बोललो. "तिकीट माझ्या खिशात होतं. डब्याचं बायकोनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तेच तिकीट मी तीन दिवस चालवलं. तपासनीस दिसल्यावर ते बायकोच्या हातात दिलं आणि तिचं नाव सांगितलं. कागदावर माझं नाव लावा."

लेक भाषांतर करेना. माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, काय बोलताय तुम्ही?"

"सांग त्यांना."

"आईच्या हातात तुम्ही दिलंत? तपासणी चालू असताना?"

"सांग ना!" मी ओरडलो. बाकावरची माणसं बघायला लागली.

तिनं सांगितलं. माझ्यापेक्षा फार थोडक्यात सांगितलं. कारकून माझ्याकडे न बघता यंत्रावर टकटक करत होता. मग पडदा फिरवून त्यानं लेकीला काहीतरी दाखवलं. लेकीनं वाचलं, आणि पुन्हा वाचलं.

"प्रकरण शुक्रवारीच बंद झालंय," ती म्हणाली. "आई येऊन गेली. कोणीतरी शेजारीण होती बरोबर. चूक मान्य करून, दंड भरून, सही करून गेली."

पडद्यावर हिची सही होती. एकेक अक्षर सुटं, काना-मात्रा जिथल्या तिथे, रेशनच्या कार्डावर असते तशी.

मी म्हटलं, मग ती सही रद्द करा. लेकीनं विचारलं. कारकून बराच वेळ बोलला. सही रद्द होते, पण मग बाईंनी लिहून द्यायचं की मी खोटं लिहून दिलं होतं. त्याचं वेगळं प्रकरण होतं. "आणि ते दंडापेक्षा वाईट," लेक म्हणाली. "अर्जाला तर फारच वाईट."

मी हिच्याकडे वळलो. "अगं, मला विचारायचं होतंस!"

"विचारलं असतं तर तुम्हाला सांगावं लागलं असतं," ही म्हणाली.

"म्हणजे तुला..."

"तीन दिवस तिकिटाला हात लावू दिला नाहीत. आणि एकदम 'धर' म्हणालात. मला ती बाई दिसली नव्हती, पण तुमचा हात दिसला, थरथरत होता. म्हटलं, काहीतरी आहे, धरावं." मग हळू आवाजात म्हणाली, "दोन दिवस वाट बघितली. तुम्ही वहीत लिहीत बसायचात. घरमालकीणबाईंनी कागद वाचून खुणेनं सांगितलं की गेलं नाही तर पोलीस येतात. मला वाटलं, पोरगी यायच्या आत मिटवून टाकावं. जावयांसमोर तुमची मान खाली जायला नको. एकतीस वर्षं त्याच कामात काढलीत तुम्ही. त्या रकान्याचं मला कुठे माहीत होतं?"

लेक म्हणाली, "मी सांगितलं होतं. गुरुवारी. फोनवर."

"मला नाही सांगितलंस."

"बाबांना सांगितलं होतं."

कारकुनानं पुढचा नंबर पुकारला. आम्ही काचेसमोरून हललो नव्हतो, म्हणून मागच्या माणसानं मला हातानं बाजूला केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरुवारी तोंड उघडलं असतं तर शुक्रवारी हिनं सही केली नसती. एक दिवस. एक दिवस आधी जे बोललो असतो तेच आज बोललो, शब्दसुद्धा बदलला नाही, आणि त्याचा उपयोग शून्य.

ट्रामनं स्टेशनला आलो. तिकिटं लेकीनं काढली, डब्यात हिनं घातली. मी पिशव्या धरून उभा होतो.

गुरुवार, १४

लेकीचं घर छोटं आहे, पण उजेड भरपूर. जावई माणूस चांगला. मला सकाळी पेपर आणून देतात, तो मला वाचता येत नाही, तरी आणतात. त्यांना किती माहीत आहे ते माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

अर्जात 'होय' लिहिलं. मुलाखत पुढच्या मंगळवारी आहे. हिनं एकटीनंच आत जायचं, इंग्रजीत बोलायचं. लेक म्हणाली, "कागदावर जे आहे तेच आई बोलेल. एक शब्द इकडेतिकडे नाही. अधिकारी बघतात, माणूस स्वतःची चूक सरळ कबूल करतं की दुसऱ्यावर ढकलतं. सरळ कबूल केली तर बऱ्याचदा देतात."

मी म्हटलं, "मी येतो, बाहेर उभा राहतो, गरज पडली तर..." लेक म्हणाली, "नको बाबा." जेवताना मला भात तिनंच वाढला, पण बोलली नाही.

प्रश्न आणि उत्तरं तिनं देवनागरीत लिहून काढलीत. ही स्वयंपाकघरात भाजी चिरताना पुटपुटते. दोन दिवसांत अर्धं पाठ झालं. हुशार आहेच. शाळा सुटली नसती तर कुठल्या कुठे गेली असती.

आज दुपारी लेक म्हणाली, "आता समोरासमोर करून बघू. बाबा, तुम्ही अधिकारी व्हा. तुम्हाला सवय आहे." मला बरं वाटलं. निदान काही कामाला तरी लावलं. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला मी बसलो, समोर ही. हिनं साडी नीट केली, हात मांडीवर ठेवले. मी कागदावरचे प्रश्न वाचत गेलो. नाव काय? कोणाकडे राहणार? किती दिवस? मुलीला कितवा महिना? सगळी उत्तरं ठीक. मग पुढचा प्रश्न आला. मी पाण्याचा घोट घेतला.

"तिकीट कोणाकडे होतं?" मी इंग्रजीत वाचलं.

"माझ्याकडे," ही म्हणाली, आणि पुढचं वाक्य अडलं. लेकीनं हळूच पहिला शब्द सांगितला. पुन्हा विचारलं. पुन्हा मधेच अडली. तिसऱ्यांदा शेवटचा शब्द राहिला. चौथ्यांदा कुठेही न थांबता, माझ्या डोळ्यांकडे बघत, स्पष्ट बोलली, "माझ्याकडे होतं. माझ्या नवऱ्यानं मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

मी कागदाकडे बघितलं. लेकीच्या अक्षरात तसंच लिहिलेलं होतं. तपासनीस बाईच्या कागदावरून उतरवून घेतलेलं.

"छान झालं," लेक म्हणाली. "बाबा, पुन्हा एकदा विचारा."

मी विचारलं.